कोरोनामुळे म्हणा आणि मोकळे व्हा

गेल्या आठवड्यात माझ्या विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमधले कार्ड जळाले. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर काळे किडे चिकटवावेत तसे चारपाच भाग आणि मधोमध करपलेला डाग, एवढाच तो ऐवज. बाग ऐन निसवणीत आहे, म्हणजे घड बाहेर पडत आहेत, आणि रावेर तालुक्यात मे महिन्यात केळीचे दोन दिवस पाणी चुकले म्हणजे काय होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. कार्ड रुमालात गुंडाळून मी जळगाव गाठले. दुकानदाराने आधी कार्डाकडे आणि नंतर माझ्या टोपीकडे पाहिले, मागच्या वेळी दीड हजाराला दिलेल्या त्याच वस्तूचे साडेचार हजार सांगितले, तेही आगाऊ, आणि वस्तू पंधरा दिवसांनी मिळेल असे बजावले. कारण विचारले तेव्हा तो जराही न अडखळता म्हणाला, "आप्पा, कोरोनापासून चिपच येत नाही ना भो. चिप बनते त्या तैवानलाच लोचा आहे."

जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी उठवली, पण तो निरोप त्या गल्लीपर्यंत बहुधा अजून पोचायचा आहे. मी आधी चिडलो. मग परतीच्या गाडीत, खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे सरकत असताना, चूक माझीच असल्याचे मला उमगले. सगळे जग ज्या एका शब्दावर तरून गेले, तो शब्द मी वापरायलाच शिकलो नव्हतो. तुमचे तसे होऊ नये म्हणून ठेच लागून शहाणा झालेला हा माणूस काही सल्ले देत आहे. ते मनोभावे पाळावेत.

पहिली गोष्ट म्हणजे कारण नेहमी खरे निवडावे. धडधडीत खोटे बोलणे हे नवशिक्यांचे काम. एकेकाळी खरे असलेले कारण शिळे झाल्यावर गरम करून वाढणे, यात खरी हातोटी आहे. चिपचेच पाहा. २०२० मध्ये मोटारींचे कारखाने बंद पडले, कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या, आणि घरात बसलेल्या जगाला लॅपटॉप व फोन हवे असल्यामुळे कारखान्यांनी तो माल तिकडे वळवला. मोटारींना गिऱ्हाईक परत आले तेव्हा मोटारवाले रांगेच्या शेपटाला उभे होते, आणि २०२१ च्या सप्टेंबरात टोयोटासारख्या कंपनीला आपले जगभरातले उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करावे लागले. आमच्या दुकानदाराने हा सगळा इतिहास मला चहा न पाजता पण अचूक सांगितला. २०२३ पर्यंत मेमरी चिपचा इतका साठा पडून राहिला की कंपन्यांना उत्पादन घटवावे लागले, एवढा शेवटचा अध्याय मात्र त्याने गाळला. पोथी कुठे मिटायची हे ज्याला कळते, त्याला धंदा कळतो.

दुसरा सल्ला सर्वांत मोलाचा आहे: चढलेला भाव कधीही उतरवू नये. महामारीत बंदरे तुंबली, रिकामे कंटेनर नको त्या देशांत अडकून पडले आणि चाळीस फुटी कंटेनरचे जागतिक सरासरी भाडे २०२१ च्या सप्टेंबरात दहा हजार डॉलरच्या वर गेले. तेव्हा आपल्याकडे पंख्यापासून पाइपपर्यंत जे जे महागले, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. माणूस समजून घेतो. २०२३ च्या सुरुवातीला तेच भाडे दोन हजारांच्या आसपास उतरले. पंखा उतरला का? पाइप उतरला का? भावाला चढताना जी शिडी मिळाली ती उतरताना कोणी काढून घेतली, हा प्रश्न अडाणी गिऱ्हाइकाचा असतो, म्हणून विचारू नये. तेलाचेही तसेच आहे. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या बाजारात कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला. म्हणजे तेल घेऊन जा, वर पिंपामागे सदतीस डॉलर घ्या, पण आमच्या टाक्या रिकाम्या करा, अशी विकणाऱ्यांची गत झाली होती. त्यानंतर पंधराच दिवसांनी आपल्या केंद्र सरकारने पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. जगात तेल कवडीमोल झाले असताना माझ्या ट्रॅक्टरच्या टाकीत ते सोन्याच्या भावाने पडत राहिले, कारण सरकारचे उत्पन्न आटले होते. कशामुळे, हे तुम्ही एव्हाना शिकला असाल. पुढे तो कर दोनदा उतरवला, तेव्हा मात्र आभाराचे फलक चौकाचौकांत लागले.

आणि रेल्वे! माझे वय सदुसष्ट आहे. पुरुष ज्येष्ठांना भाड्यात ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के सवलत मिळत असे, ती २० मार्च २०२० पासून बंद झाली. म्हाताऱ्यांनी उगाच प्रवास करून आजार ओढवून घेऊ नये, अशी त्यामागची काळजी होती. ऐकून माझे डोळे भरून आले होते. आता आजार गेला तरी ती काळजी काही जात नाही. पॅसेंजर गाड्यांना स्पेशल असे भारदस्त नाव देऊन दहा रुपयांचे तिकीट तीस रुपयांचे केले, तेव्हा गाडी तीच, डबे तेच, प्रत्येक सिग्नलला टेकण्याची सवयही तीच होती. ते तिकीट पुन्हा दहावर यायला २०२४ साल उजाडले. तोवर भुसावळला रोजंदारीला जाणाऱ्या किती बायकांनी जाऊन-येऊन चाळीस रुपये जास्तीचे मोजले, याचा हिशेब कोण ठेवतो? मी सल्ले देत होतो, याचा मला येथे विसर पडला. क्षमा असावी.

कर्जाचा हप्ता पुढे ढकलून मिळत असेल तर आनंदाने घ्यावा आणि व्याजाला सुटी नसते हे विसरून जावे.

आपण देश चालवत असाल, तर हा शब्द आपल्यासाठीच घडवला आहे असे समजावे. श्रीलंकेकडून शिकावे. तेथील सरकारने २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर पंधरा टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर आणला आणि तिजोरीला स्वतःच्या हाताने भोक पाडले. मग पर्यटक यायचे थांबले. हे कोरोनाचे, नाकारत नाही. मग २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, आणि भात नि चहा दोन्ही झोपले. (आमच्याकडच्या कोणत्याही सालदाराला विचारले असते, तरी त्याने खताशिवाय पहिल्या वर्षी काय पिकते ते फुकट सांगितले असते.) २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडता येत नसल्याचे जाहीर झाले, पेट्रोलसाठी मैलभर रांगा लागल्या आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी देश सोडला. या सगळ्याचे कारण सांगताना महामारीचे नाव मात्र दर वेळी आघाडीवर राहिले. झांबियाने २०२० च्या नोव्हेंबरात हप्ता चुकवला. तेथेही कर्जाचा डोंगर आधीच उभा होता, कोरोनाने फक्त त्यावरचे धुके हटवले.

आपणही मागे नव्हतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस जीएसटीच्या भरपाईसाठी राज्ये हात पसरून उभी असताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या संकटाला ‘देवाची करणी’ म्हटले. पाठोपाठ चारच दिवसांनी आकडा आला: एप्रिल ते जून या तिमाहीत अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आकसली होती. देवाची करणी आणि नारळात पाणी, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याआधीच्या, म्हणजे २०१९-२० च्या वर्षातच वाढ चार टक्क्यांच्या आसपास घसरली होती. नारळ आधीच अर्धा रिकामा होता, आणि त्याचा दोष देवाच्या माथी मारताना देवाला कोणी विचारले नाही.

औषध वाटायची वेळ आली की बैठक बोलवावी. लशींवरचे पेटंटचे हक्क सैल करावेत, अशी मागणी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी २०२० च्या ऑक्टोबरात जागतिक व्यापार संघटनेत केली, आणि तिचा काटछाट केलेला निर्णय २०२२ च्या जूनमध्ये हाती आला. या वीस महिन्यांत श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट लशी नोंदवून ठेवल्या होत्या. शिल्लक राहिल्या तर दान करता येतात. दानाचे पुण्य वेगळे.

आता सर्वांत महत्त्वाचे: हा शब्द वापरण्याचा अधिकार कोणाला नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. २०२० च्या एप्रिलमध्ये माझी बाग कापणीला आली होती. बोर्डावर जाहीर केलेला भाव एक होता आणि बांधावर मिळणारा दुसरा. व्यापारी म्हणाला, कोरोनामुळे गाड्या नाहीत, मजूर नाहीत, उत्तरेत माल उतरवून घ्यायला कोणी नाही, म्हणून निम्म्यात द्या. निम्म्यात दिले. नंतर तो निम्म्यालाही येईना, तेव्हा पिकलेले घड झाडावरच फुटू लागले, आणि मी आणि मुलाने ते कापून शेजाऱ्यांच्या गुरांपुढे टाकले. गुरांनीही तिसऱ्या दिवशी तोंड फिरवले. पुढे पीककर्जाचे विचारायला गेलो आणि मोठ्या आशेने म्हणालो, "साहेब, कोरोनामुळे..." साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि असे कारण त्यांच्या अर्जात बसत नसल्याचे सांगितले. व्यापाऱ्याचे बसले, बँकेचे बसले, रेल्वेचे बसले, सरकारचे बसले. माझ्यासाठी रकाना नव्हता.

त्या सोळा जणांसाठीही नव्हता. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातून चालत निघाले होते, आणि त्यांना आमच्या भुसावळला पोचून मध्य प्रदेशाकडे जाणारी गाडी धरायची होती. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने ते रुळांवर टेकले होते. सोबत बांधून घेतलेल्या पोळ्या खडीत विखुरलेल्या दिसत होत्या. चार तासांच्या मुदतीवर देश बंद करताना या माणसांनी घरी जायचे कसे, हा विचार राहून गेला, त्याला विषाणू जबाबदार नव्हता. विषाणूने माणसे आजारी पाडली. माणसांना रुळांवरून चालायला लावले ते माणसांनी.

म्हणून आता सल्ले पुरे झाले. जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात सुमारे ७ कोटी माणसे नव्याने अतिदारिद्र्यात ढकलली गेली, आणि त्याच महामारीच्या पहिल्या दोन वर्षांत जगातल्या दहा सर्वांत श्रीमंत माणसांची संपत्ती दुपटीहून वाढली, असे ऑक्सफॅमने मांडले. रोग एक, काळ एक, आणि पावत्या मात्र दोन वेगवेगळ्या नावांनी फाडल्या गेल्या. याला देवाची करणी म्हणायला लाज वाटली पाहिजे. आमच्या खानदेशातल्या नंदुरबारने, आदिवासी आणि गरीब म्हणून ज्याला सगळे हिणवतात त्या जिल्ह्याने, पहिली लाट ओसरत असतानाच स्वतःचे ऑक्सिजन प्लांट उभे केले, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात मोठमोठी शहरे सिलिंडरसाठी धावत असताना तेथे प्राणवायू होता. तेथेही तोच कोरोना होता. तेथील प्रशासनाने ‘कोरोनामुळे’ हा शब्द काम टाळण्यासाठी वापरला नाही, कामाला लागण्यासाठी वापरला.

तेव्हा, दुकानदार महाशय, मी परवा पुन्हा येणार आहे. कार्डाची खरेदी किंमत दाखवा, तुमचा नफा त्यावर लावा, मी मुकाट्याने देईन. पक्के बिल मागितल्यावर "आप्पा, कोरोनापासून बिलबुकच छापले नाही" असे जे तुम्ही हसत हसत सांगितले, ते या वेळी ऐकून घेणार नाही. बिलबुक छापून ठेवा. माझ्या घडांना पंधरा दिवस थांबता येत नाही, आणि तैवानला काहीही झालेले नाही.