मीटररूमची चावी कोणाकडे?

या चवथीला गोव्यात, फोंड्याच्या आमच्या फ्लॅटवर आरती आटोपली, पंचखाद्य वाटून झालं आणि बोलणं विजेच्या बिलावर आलं. मामा म्हणाले, स्मार्ट मीटर, म्हणजे रीडिंग आपोआप पाठवणारे मीटर, आले की बिलं दुप्पट होणार, शेजारच्या महाराष्ट्रात लोकांनी आवाज उठवला म्हणून तर 2024 च्या जूनमध्ये सरकारला सांगावं लागलं की सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड (आधी पैसे भरा, मग वीज वापरा) मीटर लावणार नाही. मावसभाऊ दुसऱ्या टोकाचा. त्याच्या मते वीज खातंच खासगी करून टाकावं, म्हणजे सगळे सरळ होतील. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बारा वर्षं इंग्लंडमध्ये, स्विंडनला राहते. "तुमच्याकडे असं होत नाही ना गो?"

होतं. माझ्या स्वतःच्या बाबतीत झालंय.

तिथला माझा फ्लॅट चार मजली इमारतीत आहे. इमारतीची देखभाल एक एजन्सी करते आणि त्याचे पैसे आम्ही दरवर्षी भरतो. सगळ्या फ्लॅटांचे मीटर तळमजल्यावरच्या एका कपाटात आहेत आणि कपाटाची चावी एजन्सीकडे. मी एकटी राहणारी, दिवसभर कामावर, तरी थंडीत माझं बिल चार माणसांच्या घराइतकं येऊ लागलं. दोन महिने मी स्वतःच्याच हीटरला दोष दिला. शेवटी केअरटेकरला विनवून कपाट उघडून घेतलं. माझ्या क्रमांकाच्या मीटरसमोर उभी राहिले आणि वर मैत्रिणीला फोन करून सांगितलं, "मेन स्विच बंद कर." वीज वापरली जात असताना लुकलुकणारा मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच राहिला. दोन मीटर सोडून पुढच्या मीटरचा दिवा मात्र जागच्या जागी थांबला. इमारत बांधली तेव्हापासून माझा मीटर दुसऱ्याच फ्लॅटला जोडलेला होता. दोन मुलांना घेऊन राहणाऱ्या एका बाईचं बिल मी भरत होते आणि माझं ती.

वीज पुरवणारी कंपनी म्हणाली, मीटर बरोबर आहे. ते खरंच होतं, मीटर अगदी बरोबर मोजत होता. एजन्सी म्हणाली, मीटर आमचे नाहीत. कपाटाची चावी मात्र त्यांची. सात महिने गेले. पण तिथे एक पायरी ठरलेली आहे: आठ आठवड्यांत तक्रार मिटली नाही तर ग्राहक थेट ऊर्जा लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाऊ शकतो, आणि लोकपालाचा निर्णय ग्राहकाने मान्य केला की कंपनीला तो पाळावाच लागतो. मीटरच्या अचूकतेवरच वाद असेल तर कंपनीशी संबंध नसलेला सरकारी मीटर परीक्षक येतो. मीटर अडीच टक्क्यांहून जास्त पुढे किंवा साडेतीन टक्क्यांहून जास्त मागे असता कामा नये, ही मर्यादा ठरलेली आहे. माझे पैसे परत आले. त्या शेजारणीच्या पोटात गोळा आला होता, आता आपल्याकडून किती वर्षांचं वसूल करतात म्हणून. पण 2018 पासून तिथे नियम आहे की कंपनीच्या चुकीमुळे राहून गेलेलं बिल बारा महिन्यांपलीकडचं मागता येत नाही. तिने मला मिठीच मारली.

मावसभावाने एवढंच ऐकलं असतं तर तो खूश झाला असता. म्हणून पुढचंही सांगितलं. त्याच देशात, त्याच खासगी कंपन्यांच्या राज्यात, 2023 च्या फेब्रुवारीत उघडकीला आलं की थकबाकीदारांच्या घरांत कोर्टाचं वॉरंट घेऊन, कुलपं तोडून जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवले जात होते. त्यात आजारी आणि अपंग माणसांची घरं होती. गदारोळ झाला तेव्हा वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामकाने ते थांबवायला लावलं. प्रीपेडवाल्यांना, म्हणजे बहुतेक गरिबांना, वीज इतरांपेक्षा महाग पडायची. तो फरक सरकारने 2023 च्या जुलैत मिटवला. आणि स्मार्ट मीटर म्हणाल तर लाखो घरांत ते भिंतीवर आहेत, पण रीडिंग पाठवत नाहीत.

आता फोंड्याचं. आई एकटी राहते. फ्रिज, दोन पंखे, टीव्ही आणि सकाळी अर्धा तास गीझर, एवढाच वापर. दीड वर्षापासून तिचं बिल चढत होतं. इथेही इमारतीची देखभाल बिल्डरने नेमलेल्या माणसांकडेच, सोसायटी अजून कागदावर आलेली नाही. मॅनेजर म्हणे, खात्यात जा. खात्याच्या ऑफिसात तिला सांगितलं, मीटर तपासला, ठीक आहे. खात्याचा माणूस खोटं बोलत नव्हता. तिसऱ्या खेपेनंतर आईने जाणंच सोडलं आणि गीझर बंद केला. सत्तरीच्या बाईने थंड पाण्याने अंघोळ करायची, आणि कारण काय तर कोणीच जबाबदार नाही. हे कळलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही.

स्विंडनच्या अनुभवावरून मी चवथीच्या आदल्या दिवशी, सकाळी सहाला, इमारतीखालच्या पार्किंगमधल्या मीटररूममध्ये उभी राहिले. सोबत ओळखीचा इलेक्ट्रिशियन. आईच्या फ्लॅटचा मेन स्विच बंद. मीटरचा दिवा शांत. दहा मिनिटांनी टाकीत पाणी चढवायचा पंप सुरू झाला आणि आईच्या मीटरचा दिवा लुकलुकायला लागला. पंप थांबला, दिवा थांबला. इलेक्ट्रिशियनने तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावून दाखवलं: पंपाची न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, आईच्या फ्लॅटच्या न्यूट्रलला जोडलेली होती. आपल्याकडच्या घरगुती मीटरना वीजचोरी पकडण्यासाठी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजायला लावलेला असतो आणि जो जास्त असेल त्यावर युनिट चढतात. त्यामुळे सगळ्या इमारतीच्या पाण्याचा भार एका म्हाताऱ्या बाईच्या बिलावर पडत होता. त्या माणसाने संध्याकाळपर्यंत तार वेगळी केली. त्याने पैसे घ्यायला नको म्हटलं, मी जबरदस्तीने दिले.

तर फरक हा असा. तिथे तारेला सात महिने लागले, पण पैन् पै परत आली. इथे तार एका दिवसात नीट झाली, पण दीड वर्षाचे जादा पैसे कोण देणार याचं उत्तर द्यायला आजही कोणी समोर नाही. आणि वाद चाललाय मीटर स्मार्ट की साधा, खातं सरकारी की खासगी.

आईच्या फ्लॅटवर स्मार्ट मीटर असता तर त्यानेही पंपाची वीज इमानाने तिच्याच नावावर चढवली असती. हां, रोज सकाळी सहाला वापर उसळतो हे तिच्या मोबाईलवर दिसलं असतं तर चूक पंधरा दिवसांत सापडली असती. म्हणून माझा स्मार्ट मीटरला विरोध नाही. पण ते आकडे ग्राहकाला दिसायला हवेत, आणि प्रीपेडची सक्ती कोणावरही नको, हे मी दोन्ही देशांत राहिलेली बाई म्हणून निक्षून सांगते.

आपल्याकडे हक्क नाहीत असं मुळीच नाही. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. रीडिंगबद्दल तक्रार आली तर पाच दिवसांत दुसरा मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करायची. आईला तीन खेपांत हे कोणी सांगितलं नाही. तरी तिच्या बाबतीत दुसऱ्या मीटरनेही तोच आकडा दाखवला असता, कारण दोष मीटरच्या पुढे, बिल्डरच्या वायरिंगमध्ये होता. अशा दोषाला घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा लागतो. ताब्यापासून पाच वर्षांत कामातला दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत, फुकट, तो दूर करायचा. आमच्या इमारतीला सहा वर्षं झालीत. म्हणून ज्यांची पाच वर्षं संपायची आहेत त्यांनी या महिन्यातच आपला मेन बंद करून मीटरसमोर पंधरा मिनिटं उभं राहावं, आणि ते पंप चालू असताना. व्हिडिओ काढून ठेवावा. सोसायटी स्थापन करायचा तगादा लावावा, कारण सोसायटी नसली की सामाईक पंपाचं कनेक्शन कोणाच्या नावावर आहे हेसुद्धा रहिवाशाला सहज कळत नाही.

मी वीज ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक गाऱ्हाणे मंचासाठी अर्ज लिहिलाय, बिल्डरलाही वेगळं पत्र दिलंय. निघायच्या दिवशी मॅनेजरकडे मीटररूमची एक चावी रहिवाशांकडे असावी म्हणून मागितली. तो म्हणाला, वर विचारतो. आईने आता कालनिर्णयच्या चौकोनांत रोज सकाळचं रीडिंग लिहायला घेतलंय. त्यासाठी तिला दरवेळी वॉचमनला हाक मारून दार उघडून घ्यावं लागतं. काल फोनवर म्हणाली, "तीन युनिट. गीझर लावून."