खुलासा : वासराच्या हगवणीत दूध तोडू नका

‘वासराला हगवण लागली की दोन दिवस दूध तोडा आणि जंताचं औषध पाजा,’ असा संदेश पशुपालकांच्या गटांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

पहिल्या 5 ते 15 दिवसांतली पिवळसर, पाण्यासारखी हगवण बऱ्याचदा क्रिप्टोस्पोरिडियममुळे होते. हा एकपेशीय परजीवी आहे, कृमी नव्हे. अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल या जंताच्या औषधांनी तो मरत नाही. जंताचं औषध उपयोगी पडतं ते टॉक्सोकारावर. ते गोलकृमी आईच्या दुधातून येतात, रेडकांत जास्त. तिथे 10 ते 16 व्या दिवशी डॉक्टरांकडून वजनानुसार पायपरेझिन द्यावं. रक्तमिश्रित हगवण, तीही तीन आठवड्यांनंतर, असेल तर कॉक्सिडिया या दुसऱ्या एकपेशीय परजीवीची शंका घ्या आणि शेण तपासून घ्या.

वासरू दगावतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार गेल्याने. 30 किलोच्या वासराचे डोळे खोल गेले असतील, तर सुमारे अडीच लिटरची तूट असते. ती इलेक्ट्रोलाइटच्या (क्षारांच्या) कोमट पाण्याने भरा, थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. दूध चालूच ठेवा. खाण्याचा सोडा असलेलं द्रावण दुधात मिसळू नका, पचायला पोटात दूध फाटावं लागतं, ते नीट फाटत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. वासरू चोखतच नसेल किंवा उठत नसेल, तर तोंडाने पाजत बसू नका, शिरेतून सलाईन लागेल. डॉक्टरांना लगेच बोलवा.

फिनाईलने क्रिप्टोस्पोरिडियमची शेणातून पडणारी, जाड कवचाची अंड्यासारखी रूपं मरत नाहीत. उकळतं पाणी, कडक ऊन आणि कोरडी जमीन हे उपाय चालतात. हा रोग माणसालाही होतो, मुलांना आजारी वासरापासून लांब ठेवा.