चेन धुवायची कशानं?

परभणीत सायकलची चेन धुणं हे खाजगी काम नाही. ओट्यावर जुना पेपर अंथरला की गल्लीतला जाणारा-येणारा थांबतो, आणि उपाय सांगितल्याशिवाय पुढं सरकत नाही.

"पेट्रोल घ्या सर, एका मिनिटात चकाचक," समोरचे मामा म्हणाले. चकाचक होते, वाद नाही. पण पेट्रोल उणे ४० अंशांच्याही खाली पेटण्याजोगी वाफ सोडत असतं, आणि ही वाफ हवेपेक्षा जड. वर उडून जायचं सोडून जमिनीलगत सरपटते. आमच्या ओट्यावरून निघाली तर पहिला मुक्काम स्वयंपाकघर, दुसरा देवघरातली समई. शिवाय पेट्रोलमधलं बेंझीन कर्करोगाला कारण होतं, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, "आम्ही गॅरेजात जिंदगीभर पेट्रोलनं हात धुतले, काय झालं?" मामा सत्तरीतही ठणठणीत आहेत. अशा वेळी विज्ञानानं कुठं तोंड लपवावं?

मग रॉकेल. रेशनवरचं रॉकेल दिसेनासं झालं, तरी प्रत्येक घराच्या माळ्यावर एक कॅन असतोच. रॉकेल तसं सज्जन म्हणून प्रसिद्ध. ३८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत ते भडकण्याइतकी वाफ सोडत नाही. ज्यानं ही ख्याती पसरवली तो मे महिन्यात परभणीला आला नसावा. इथं पारा ४३ वर गेला की रॉकेलची सज्जनता दुपारच्या आतच संपते. कॅनवर लिहिलेलं, 'थंड व कोरड्या जागी ठेवावे.' कोरडी जागा मागाल तेवढी देतो. थंड जागा घरात एकच, कूलरसमोरची, आणि तिथं आमचे वडील झोपलेले असतात.

सायकलवाल्या भाईंचा सल्ला वेगळा. "पेट्रोल कायकू सर? डिझेल लेव." डिझेल पेट्रोलएवढं उतावीळ नाही, पण तेलकट थर मागं ठेवतं, डिस्क ब्रेकला लागलं तर सायकल थांबवणं देवाच्या हाती. पेंटरचा थिनर चेनबरोबर फ्रेमचा रंगही धुऊन देतो. भाच्यानं तर संडास धुवायचं ॲसिडच आणलं. गंज जातो खरा, पण ॲसिडमुळं पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. अशी चेन जिंतूर रोडवर, मागं ऊसाचा ट्रॅक्टर असताना तुटावी, हे काही मला पटेना.

एवढ्या सगळ्यांना वाटेला लावल्यावर उरलं ते भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश आणि गरम पाणी. तेलाचा चिकटा सुटतो, काही पेटत नाही, हात शाबूत राहतात. गॅसही लागत नाही. उन्हाळ्यात टाकीचा नळ सोडला की पाणी उकळल्यासारखंच येतं.

फक्त ते पाणी बायकोच्या ताब्यात असतं.

तिचं माहेर लातूर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो काळ तिच्या घरच्यांनी काढलाय. "अहो, चेनला आंघोळ? आणि नळ कधी येणार ते विचारलंत का?" पेट्रोल, थिनर, ॲसिड यांना ती काही बोलली नव्हती. शेवटी एक तांब्या मंजूर झाला, तोही कपडे खळबळलेल्या पाण्याचा.

चेन काढून डब्यात घातली. सायकलवर ठेवून घासली तर घाण पाणी मागच्या हबमध्ये जाऊन बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढतं. डबा खळखळवला, चिखल, फुफाटा आणि गेल्या दोन पावसाळ्यांतली काळी माती खाली बसली. उन्हात टाकल्यावर चेन क्षणात वाळली. या बाबतीत आमच्या उन्हाला तोड नाही. मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब, आणि वरचं तेल फडक्यानं पुसून काढलं, नाहीतर पुढच्या चौकापर्यंत धूळ परत स्वार.

मामा हे सगळं बघत होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी कूलरचा गाळानं भरलेला पंप घेऊन आले आणि म्हणाले, "सर, त्या डब्यात जागा आहे का?"