अर्धा तास पुरे झाला की!

एवढं सविस्तर सुनावलंत, बरं वाटलं. नुसत्या ‘छान लेख’पेक्षा हे कधीही परवडलं.

तुमची तक्रार अशी की, मुंबईतल्या छोट्या संग्रहालयांवरचा माझा लेख वाचून तुम्ही मुलांना घेऊन राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात, अर्ध्या तासात मुलं कंटाळली. मग जहांगीर कलादालनात चित्रं बघायला गेलात, तिथे काही कळेना. म्हणून ‘हे रिकामटेकड्यांचे चोचले, बघायचं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारखं मोठंच बघावं’.

‘अर्धा दिवस काढून जा’ असं मी लिहिलं होतं, ती माझी चूक. मोठं संग्रहालय जरूर बघा, पण तिथे आपण तिकीट वसूल करायला एकेक दालन उरकत सुटतो आणि घरी आल्यावर फक्त दुखरे पाय लक्षात राहतात. 1872 साली उघडलेल्या भाऊ दाजी लाडच्या छोट्या वास्तूत मात्र अर्ध्या तासात बाहेर पडलं तरी काही बिघडत नाही.

आवारातला दगडी हत्ती पाहिलात का? बहुतेक लोक त्याच्या बाजूने सरळ दाराकडे जातात. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच्यावरून. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं म्हणून तिथून उचलायला गेले, क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे 1914 मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघा, अंगावर सांधे दिसतात. माझ्या भाचीला आतलं आता काही आठवत नाही (मातीच्या बाहुल्या आणि त्यांच्या पगड्या सोडून), पण ‘क्रेन तुटली तेव्हा खाली कुणी होतं का?’ हे तिने भायखळ्यापासून ठाण्यापर्यंत विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

जहांगीरबद्दल तुमचं अवघडणं मला पटतं. एका खाजगी गॅलरीत मला इंग्रजीत विचारलं होतं, ‘काही घ्यायचंय का?’ मी काढता पाय घेतला. जहांगीरला मात्र 1952पासून कुणीही यावं असाच रिवाज आहे. प्रवेश फुकट. बऱ्याचदा चित्रकार स्वतः कोपऱ्यात अभिप्रायाची वही घेऊन बसलेला असतो आणि दिवसभर कुणी बोललं नाही म्हणून तोच आपल्यापेक्षा जास्त अवघडलेला असतो. ‘याचा अर्थ काय?’ विचारू नका, त्यालाही ते सांगता येत नाही. ‘यातला कुठला रंग आधी लावलात?’ एवढं मराठीत विचारा, मग बघा, माणूस कसा खुलतो. चित्रं नाहीच आवडली तर चार मिनिटांत बाहेर या.

पुढच्या वेळी आधी हत्ती, मग आतलं. मुलांना सांधे मोजायला लावा आणि आकडा कळवा. माझ्या आणि भाचीच्या मोजणीत चारचा फरक आहे.