पीआयडी भंगारात काढण्याआधी व्हॉल्व्हची ग्लँड बघा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: पीआयडी (तापमान, प्रेशर ठरल्या आकड्यावर धरणारा नेहमीचा कंट्रोलर) जुनाट झाला, फझी (‘थोडं गरम, जरा बंद कर’ अशा नियमांवर चालणारा) किंवा एआय कंट्रोलर लावा, ओव्हरशूट (ठरल्या आकड्यापुढे जाणं) शून्य, हेलकावे बंद, ट्यूनिंगची कटकट संपली.

‘ओव्हरशूट शून्य’. अशा तुलनांत पीआयडी बहुतेकदा झिग्लर आणि निकोल्स या इंजिनियरांच्या 1942 च्या ट्यूनिंग सूत्रांनी लावलेला असतो. त्या सूत्रांना प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या पाव हवा असतो, म्हणजे ओव्हरशूट मागून घेतलेलाच. समोरचा फझी मात्र घोटूनघोटून बसवलेला. ही कुस्ती जोडीची नाही.

रबाळ्यात वाफेवरचा प्रीहीटर आहे असं धरा. लूप मॅन्युअलवर टाकून (कंट्रोलर बाजूला ठेवून) आउटपुट, म्हणजे व्हॉल्व्हला जाणारा हुकूम, 5 टक्के वाढवा. 0 ते 200 अंशांच्या रेंजवर तापमान 15 अंश चढून थांबलं, म्हणजे 7.5 टक्के, प्रोसेस गेन (तापमानाचे टक्के भागिले आउटपुटचे टक्के) 1.5. काटा हलायला 15 सेकंद, तिथून 63 टक्के चढायला 60. लॅम्डा (लूप किती वेगाने सावरावा, तो आपण निवडलेला वेळ) 45 सेकंद घ्या: कंट्रोलरचा गेन = 60 ÷ (1.5 × (45 + 15)) = 0.67, इंटिग्रल (उरलेला फरक भरून काढायचा वेळ) 60 सेकंद. सेटपॉइंट (हवं ते तापमान) बदलला तरी ओव्हरशूट नावापुरता. (बॅच रिॲक्टरला हे सूत्र लावू नका, तिथे तापमान बराच वेळ चढतच राहतं.)

‘हेलकावे बंद’. लूप मॅन्युअलवर टाका. हेलकावे चालूच राहिले तर दोष बाहेरून येतोय, बॉयलरचं प्रेशर बघा. थांबले तर आउटपुट 0.5 टक्क्याच्या पायऱ्यांनी वाढवा. तीन पायऱ्या स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) ढिम्म, चौथीला उडी, असं झालं तर ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग आवळणारा भाग) जास्त आवळलेली असू शकते. अडकलेल्या व्हॉल्व्हला हुकूम फझीने दिला काय नि पीआयडीने काय! थर्मोवेलच्या (सेन्सर ठेवायच्या नळीच्या) तळाशी Pt100 (तापमानाचा सेन्सर) टेकत नसेल, तर मधल्या हवेमुळे रीडिंग उशिरा येतं. तेही कुठल्याच कंट्रोलरला कळत नाही.

‘ट्यूनिंग संपली’. फझीत एरर (हवं ते आणि आहे ते यांतला फरक) आणि तिचा वेग, दोघांचे सात-सात गट केले की 49 नियम झाले. वर स्केलिंगचे तीन आकडे. पीआयडीत तीनच आकडे होते.

मेसेज साफ खोटा नाही. सिमेंटच्या भट्ट्यांवर फझी 1980 च्या दशकापासून चालतोय. ईटीपीतल्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमधल्या) पीएचलाही तो शोभतो: तीव्र आम्ल असेल तर पीएच 3 वरून 4 ला न्यायला जेवढं कॉस्टिक लागतं, त्याच्या दहाव्या हिश्श्यात 4 चा 5 होतो. एकच गेन पुरत नाही. अर्थात तिथे गेन शेड्युलिंगनेही (पीएचप्रमाणे गेन बदलत ठेवून) भागतं. आणि पीएच मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर गाळाचा थर बसला असेल, तर आधी तो धुवा.