डीपी, गहू आणि माझी शैली

आमचं गाव अंबाजोगाईपासून मोटरसायकलवर अर्ध्या तासावर, आणि अंबाजोगाईच्या जवळ राहून लेखक व्हायचं म्हणजे लई जड काम आहे हो. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी तिथं, संतकवी दासोपंत तिथले. दासोपंतांनी तर चाळीस फूट लांब कापडावर लिहून ठेवलंय, पासोडी म्हणतात तिला. त्यांचा गीतेवरचा ग्रंथ गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा. असं सांगतात की त्यांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागायची. एवढंच ऐकलं आणि मी डोक्यात घेतलं की चांगलं लिहायचं म्हणजे रोज भरपूर लिहायचं, बास. रोज दोन पानं. शाईचं काही विचारू नका, माझा पाच रुपयाचा पेन संपायच्या आधी हरवतो.

दोन महिने लिहिलं. माझ्या वहीत सूर्य कधी नुसता उगवला नाही, तो क्षितिजाच्या ओंजळीतून सांडायचा. पाऊस पडायचा नाही, आभाळ हुंदके द्यायचं. (आमच्याकडं आभाळ हुंदके देतं तेही चार वर्षातून एकदा, पण वहीत रोज.) माय विचारायची, "झाली का रं तुझी दोन पानं?" मी म्हणायचो, झाली. "मग म्हशीला पाणी दाखव."

अशात डिसेंबरात आमची डीपी जळाली, म्हणजे शिवारातल्या मोटारींना लाईट देणारा ट्रान्सफॉर्मर. गहू पेरून झालेला, पहिलं पाणी तोंडावर, आणि रात्री धाडकन आवाज होऊन सगळा शिवार अंधारात. सकाळी पारावर माणसं जमली, अर्ज कोण लिहिणार म्हणून विषय निघाला आणि तात्या माझ्याकडं बोट करून म्हणले, "ह्यो लेखक हाय की. रोज लिव्हतंय. आता गावासाठी लिव्ह."

माणसाच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. मी रात्रभर मोबाईलच्या टॉर्चवर जागून अर्ज लिहिला, पाठपोट एक पान. डीपीला शुद्ध मराठीत रोहित्र म्हणतात हे मला माहीत होतं, ते मी वापरलंच. 'ज्याच्या धमन्यांतून प्रकाशाचं रक्त वाहत होतं ते आमचं रोहित्र आज निपचित पडलं आहे, आणि तहानलेली पिकं आकाशाकडं डोळे लावून बसली आहेत.' वाचून माझ्याच डोळ्यात पाणी आलं.

लाईटच्या ऑफिसातल्या साहेबांनी पहिला परिच्छेद वाचला, चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण वारलंय?"

मी म्हणलं, डीपी.

मग साहेबांनी जे विचारायला सुरुवात केली. कितीची आहे, ६३ ची का १०० ची? फिडर कोणता? मोटारी किती आहेत तिच्यावर? कोणत्या तारखेला जळाली? ग्राहक नंबर कुठाय? पाठपोट पानात यातलं एक अक्षर नव्हतं. धमन्या होत्या. मागं तात्या उभे होते, ते काहीच बोलले नाहीत, नुसतं खाकरले, आणि मला त्या खाकरण्याचं जास्त लागलं.

ऑफिसबाहेर लिंबाखाली एक मामा खुर्ची टाकून अर्ज लिहून देतात, तीस रुपये. त्यांनी माझा कागद शांतपणे पूर्ण वाचला (पूर्ण वाचणारा तो पहिला आणि आजपर्यंत शेवटचा वाचक) आणि उलटा करून बुडाखाली घातला, खुर्ची थंड होती म्हणून असंल. मग विचारलं, "गहू किती दिवसाचा झालाय?" तात्या म्हणले, एकोणीस. मामांनी लिहिलं, ते असं:

'विषय: जळालेली ६३ केव्हीएची डीपी बदलून मिळणेबाबत. दि. ९ रोजी रात्री आमच्या शिवारातील डीपी जळाली आहे. तिच्यावर १४ शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत. गहू १९ दिवसांचा आहे. २१ व्या दिवसाच्या आसपास पाणी न मिळाल्यास फुटवे कमी येतील. तरी डीपी तातडीने बदलून द्यावी.' खाली फिडरचं नाव, ग्राहक नंबर, चौदा सह्या. संपलं.

मी त्या 'गहू १९ दिवसांचा आहे' वरच अडकलो. लेकराचं वय सांगावं तसं. मी मामांना म्हणलं, मी पण लिहिलं होतं की तहानलाय म्हणून. मामा म्हणले, "ते खरंय मालक, पण तहान कशानं मोजायची साहेबानं?"

घरी येऊन वही काढली आणि खोडायला बसलो. सूर्य गेला, हुंदके गेले, दोन महिन्यातल्या शंभराच्या वर पानातून एकच वाक्य जिवंत निघालं, 'म्हशीनं बादली पाडली.' ते मायला वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणली, "कवा? अन मला सांगितलं न्हाईस!" दोन महिन्यात मायनं माझ्या लिखाणावर पहिल्यांदा प्रश्न विचारला. जनाबाई आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातली, गंगाखेडची, तिच्या अभंगात जातं येतं, शेण्या येतात, आणि मी मराठवाड्यात बसून ओंजळी, धमन्या लिहायलो होतो.

आता नवीन पद्धत अशी आहे की लिहिलं की मायला मोठ्यानं वाचून दाखवायचं, ती तांदूळ निवडत ऐकती, आणि जिथं ती ऐकणं सोडून खड्याकडं जास्त बघायला लागती तिथं पेन्सिलनं खूण करायची. पहिल्या दिवशी पूर्ण पानभर खुणा झाल्या आणि भातात एक खडा निघाला नाही.

डीपी आठव्या दिवशी आली, गहू तेव्हा सत्तावीस दिवसांचा. गावात मात्र बोलबाला माझाच, तात्या सगळ्यांना सांगतात की आपल्या लेखकानं अर्ज लिहिला म्हणून झालं, आणि मी ते खोडून काढलेलं नाही, खोडायचं तेवढं वहीत खोडलंय. परवा एकजण शेळीच्या भरपाईचा अर्ज घेऊन आला होता. मी पहिल्यांदा विचारलं, शेळी किती महिन्याची होती?

या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची आहे. हे लिहायलोय ते रात्री पावणेदोनला, धुऱ्यावर, गुडघ्यावर वही ठेवून, पायात गार चिखल. अजून एक परिच्छेद सुचलाय, चंद्रावर, बरा आहे, पण वाफा भरलाय, पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला, दारं मोडायला उठावं लागतंय.