जॉन केजबद्दल खपवलेला मजकूर

परभणी-बीडकडच्या संगीतप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: ‘जॉन केज या अमेरिकी माणसाला वाद्य येत नव्हतं. पियानोसमोर साडेचार मिनिटं गप्प बसून त्यानं लाखो डॉलर कमावले. आपल्या संगीताशी असल्या थेरांचा संबंध नाही.’

केज संगीतकार; ती रचना त्याची. पण गप्प बसला तो केज नव्हे, पियानोवादक डेव्हिड ट्यूडर. 29 ऑगस्ट 1952, न्यूयॉर्क राज्यातलं वुडस्टॉक. घड्याळ लावून, तीन भागांत, 4 मिनिटं 33 सेकंद. केजच्या सांगण्यानुसार पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावरचा पाऊस, तिसऱ्यात कुजबुज आणि उठून जाणाऱ्या लोकांची पावलं. हेही ऐका, एवढंच त्याचं म्हणणं. महिनाभर दडी मारलेला पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की आपल्याकडे अख्खं घर बोलायचं थांबतं, तसं. याला रचना म्हणावं का, यावर खुशाल भांडा. तेव्हाही लोक भांडलेच.

वाद्य येत नव्हतं म्हणे! केज शोनबर्ग या नामवंत ऑस्ट्रियन संगीतकाराकडे शिकला. 1940 मध्ये सिएटलला एका नृत्यासाठी तालवाद्यं हवी होती, पण मंचावर जागाच नव्हती. मग त्यानं पियानोच्या तारांत स्क्रू-बोल्ट अडकवले आणि एका पियानोतून तालवाद्यांचा ताफा काढला.

खरी गंमत ‘आपल्या संगीता’ची. 1946 मध्ये भारतीय संगीतातल्या जाणकार गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. केजनं त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवलं, त्यांनी त्याला भारतीय. फी कुणीच घेतली नाही. मन शांत करून ते दैवी प्रभावासाठी मोकळं करणं हे संगीताचं काम, हे त्यानं त्यांच्याकडूनच ऐकलं. त्याच सुमारास त्यानं लिहिलेल्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ या पियानोरचनांच्या मुळाशी आपले नऊ रस आहेत.

लगेच ‘केजनं देवगिरीहून चोरलं’ असा नवा मजकूर मात्र कुणी काढू नका. यादवांच्या दरबारातल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त अनाहत नाद, म्हणजे आघाताशिवाय उमटणारा, मुक्ती देणारा, पण रंजन न करणारा म्हटलाय. केजचा ओढा उलट आहत, म्हणजे आघातानं उमटणाऱ्या नादाकडे: पाऊस, खोकला, खुर्चीची कुरकुर. रंजनाच्या मापानं तो शार्ङ्गदेवाकडे बहुधा नापासच होईल. पण निदान माप तरी लावा. नुसते टाळ्यांचे इमोजी काय टाकता?

राहिले लाखो. 1959 मध्ये इटलीच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत त्यानं 50 लाख लिरा जिंकले खरे. विषय होता अळंबी.